जुन्या तारेच्या शेपटीला

बोझबुरुनच्या धक्क्यावर ऑगस्टात
लाकडालाही घाम येतो.
रुकनेद्दीन कप्तान सकाळपासून एकच वाक्य घोळवतोय:
उद्या दहाला पाहुणे.
पाहुण्यांची केबिन आज भट्टी झालीय,
गाद्या डेकवर, फळ्या उचकटलेल्या,
आणि पलंगाखालच्या कोनाड्यात
वीस वर्षांनी उजेड पाहणारा जुना एसी.
तळाचा पत्रा पापडासारखा,
बोट लावलं की बोटालाच चिकटून येणारा.

नेवझात उस्ता
एकेकाळी त्या कोनाड्यात सबंध मावायचा.
आता पोट दाराशीच थांबतं.
म्हणून आत शेन्नूर, त्याची भाची, एकोणीसची,
दातांत बॅटरी, केस रुमालात,
कोपरांवर कालच्या बोटीची खरचटणी.

जुनं यंत्र चौघांनी उचललं,
मांजराने रस्ता अडवला.
नवं बसलं, निम्म्या वजनाचं.
मग आली तार.

जुन्याला सात तारा होत्या, सात रंगांच्या,
पंख्याला वेगळी, पंपाला वेगळी, खटक्याला वेगळी;
उस्ताला त्या नातवंडांच्या नावांसारख्या पाठ.
नव्याला एकच, चपटी, टेलिफोनच्या वायरीएवढी.
हिच्यातून एवढा थंडावा?
थंडावा कसला मामा, निरोप जातो फक्त,
शेन्नूर आतून म्हणाली.

नकाशा नव्हता. बोट बांधणाऱ्याने तो डोक्यात ठेवला होता
आणि डोकं गावच्या कबरस्तानात.
पॅनेलमागून निघालेली तार
महोगनीच्या पाठीशी कुठे वळते,
कुठल्या फासळीला वळसा घालते,
हे तारेलाच ठाऊक.
तेव्हा तिलाच विचारायचं.
जुन्या तारेच्या शेपटीला नवीचं तोंड बांधायचं,
टेप, वर टेप, गाठ होईल तितकी सडपातळ,
आणि साबण.
साबणाला इथेही सबूनच म्हणतात,
हवेला हवा.
एवढ्या दोन शब्दांवर मी तो दिवस काढला,
सुटे स्क्रू ओंजळीत धरून.

एक टकटक म्हणजे ओढ. दोन, थांब. तीन, मागे घे.
इकडे उस्ता ओढतोय, तिकडे शेन्नूर सोडतेय,
मध्ये साडेसहा मीटर अंधार.
टक.
टक.
टक टक.
अडली.

काय असतं त्या वळणावर? खिळ्याचं टोक,
सुताराने विसरलेली पाचर, की गाठच फुगलेली?
उस्ता जोर करत नाही.
जोर केला तर जुनी एकटीच हातात येते
आणि नवी आत राहते, वाट न कळलेली.
तो कपाळ लाकडाला टेकतो. चहा निवतो.
कप्तान घड्याळ बघतो, मग बघायचं सोडतो.
टक टक टक. वीतभर मागे.
चिमटीत तार फिरवली,
सुईत ओवताना दोरा फिरवावा तशी.
टक.

आणि आली ती सरसर आली,
जुनी पुढे, मळकी, साबणाने माखलेली,
एखाद्याला दारापर्यंत पोचवून
आत न येताच परतणाऱ्या माणसासारखी.

बटण दाबलं. निळा आकडा: एकोणचाळीस.
पंखा घुमला, वीस सेकंद.
मग तीन अक्षरं लुकलुकली आणि सगळं ठप्प.
माहितीपत्रक सात भाषांत, तुर्कीचं पान गळालेलं.
उस्ताने जोडणी तीनदा तपासली.
कप्तानाने अल्लाचं नाव घेतलं, मग कंपनीचं,
दुसरं बरंच मोठ्याने.
शेन्नूर काही न बोलता पालथी झाली,
तळाच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला
आणि समुद्राच्या पाण्याची तोटी,
सकाळी तिनेच बंद केलेली,
उघडली.

बोटीच्या कुशीतून धार सुटली,
कोमट, अंगठ्याएवढी,
खाली चिमुकले मासे लगेच गोळा.
अडतीस. सदतीस.
कप्तान केबिनमध्ये हात पसरून उभा,
दोरीवर वाळत घातल्यासारखा.

उस्ता बाहेर, उन्हातच.
गारवा माझ्या गुडघ्यांना चालत नाही, म्हणाला,
आणि जुन्या तारेचं वेटोळं खांद्याला अडकवलं.
टोमॅटोंना बांधायला होईल.
मागून शेन्नूर, माझ्या ओंजळीतले स्क्रू मोजत.
एक जास्त होता.