खालच्या ओळी

वडगावात आमच्या गल्लीत
सकाळी सातला माग चालू होतात.
त्यानंतर कुणी ओरडलं तरी
ते साडीतच विणलं जातं.

निंगव्वा आणि मी समोरासमोर कांड्या भरायचो.
मधे सुताच्या पेटीला टेकवलेला माझा फोन,
त्यात कोरियातल्या तिघी बायका,
काचेसारख्या चेहऱ्यांच्या,
आणि प्रत्येकीच्या घरात एक खोली
जिला आतून कडी नाही.

आवाज ऐकू यायचा प्रश्नच नव्हता.
खाली हिंदीत ओळी यायच्या.
निंगव्वाला कन्नड सोडून वाचता येत नाही.
मी हिंदी वाचायची, मराठीत ओरडायची,
ती मनात कन्नड करून घ्यायची
आणि विचारायची, "मुंद?"
पुढं?

तिकडची एक कोबीच्या लोणच्याच्या बरणीखाली
पैसे लपवायची.
आठवड्यानं निंगव्वाच्या शेंगाचटणीच्या डब्याला
दुसरा तळ आला.
मी काही बोलले नाही.
डबा उचलून दिला, तर जड होता.

एकदा मधेच करंट गेला.
माग थांबले, आणि फोनमधली बाई
सगळ्या खोलीत कुजबुजली.
आत अडिवेप्पाची खाट वाजली.
आम्ही दोघी श्वास धरून,
हातात कांडी, कांडीला धागा,
धाग्याच्या टोकाला काय ते माहीत नाही.
करंट आला. त्या दिवशी मला
कोरियन भाषा पहिल्यांदा कळली.

माझ्या घरचा मारत नाही.
कामावर जाताना गॅसचा रेग्युलेटर काढून
खिशात घालून जातो, एवढंच.
हे मी निंगव्वाला सांगितलं तेव्हा
ती हसली, मग हसायची थांबली.

पंधराव्या भागात
ती बंदरावर पोचते. रात्रीचं जहाज. पाऊस.
आणि दिव्याखाली उभा असतो तोच,
ज्याला तिघींनी मिळून बुडवला होता.
ओळ आली: मला माहीत होतं, तू येणार.

"मुंद?" निंगव्वा म्हणाली.
मी म्हटलं, जहाज सुटलं.
"होद्ला? गेली?"
गेली.
"मग रडतीय कशाला?"
सुटली म्हणून.

तिनं पडद्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.
चित्र तर तिलाही दिसत होतं.
कांडी भरत आली होती, ती तिनं पुरी भरली,
पेटीत ठेवली.

शुक्रवारी निंगव्वा नव्हती.
डबा होता, धुऊन पालथा घातलेला.

अडिवेप्पा दारात आला, हवालदाराला घेऊन.
दोघं कन्नडात विचारत राहिले.
तीस वर्षं या गल्लीत,
दूधवाल्याशी कन्नड, दळणाला कन्नड,
शिव्यासुद्धा कन्नड,
आणि मी म्हटलं, मला कन्नड येत नाही.
हवालदार वैतागला. म्हणाला, तुम्ही मराठी लोक!
आयुष्यात पहिल्यांदा
ही सीमा माझ्या कामाला आली.

सोळावा भाग मी बघितलेला नाही.
मीच सांगितलेली गोष्ट खोटी पडली तर?

आता मंगळवारी मोंढा आणायला म्हणून निघते
आणि बसस्टँडवर बसते.
बोलता येतं, पण पाट्या येत नाहीत मला.
निंगव्वानं कधीतरी सुताच्या चिठ्ठीवर
चार अक्षरं काढून दिली होती,
त्यांवर बोट ठेवून जुळवते:
धा… र… वा… ड.
तोवर बस जाते. पुढची येते. हु… ब्ब…

कंडक्टर विचारतो, अक्का, कुठं?
मी म्हणते, वाचतेय.

आज पिशवीत सुताच्या कोनाखाली
रेग्युलेटर आहे.
सकाळी तो अंघोळीला गेला होता,
शर्ट खुंटीवर होता.