बिबड्यांचा डबा

फळ्यावर मी लिहिते : निसर्गवाद.
खाली : फ्रान्स, पोर्तुगाल. त्याखाली : विवाहित स्त्री.
मागच्या बाकावरची मुलं एकदम जागी होतात.

लेखक, मी सांगते, वैद्यासारखा उशाशी बसायचा.
नाडी धरून म्हणायचा, हवा दमट होती,
नवरा गावाला होता, बाईनं पुस्तकं फार वाचलेली,
तेव्हा हे होणारच होतं.
मग शेवटाकडे तिला मारायचा,
एकीला विषानं, एकीला तापानं,
आणि प्रियकर त्या आठवड्यात
नेहमीसारखाच जेवायचा.

दहा गुणांना येईल, लिहून घ्या.

घरी झेलाबाई भांडी घासतेय.
मे महिना. अमळनेर. बोरीच्या पात्रात
वाळूच्या ट्रॅक्टरखेरीज कुणी नाही.
हे जिनिंगच्या कामानं नंदुरबारला,
शनिवारच्या पॅसेंजरनं येतील.
ओट्याला टेकून मी तिलाही तीच गोष्ट सांगते,
कशी मोलकरणीच्या हाती चिठ्ठ्या लागल्या,
कशी ती मग खुर्चीत पाय पसरून बसायची
आणि मालकीण तिचे कपडे वाळत घालायची.

घासणी थांबते.
"मंग?"
मग मालकीण मेली.
"अन् ती कामवाली?"
तीही. आधीच.
"कितला पानंस्मा मरनी ती?"
मला आठवावं लागतं. अर्धं पान असेल.
"लिखनारा मानूसच व्हई," म्हणते
आणि कढईच्या बुडाला लागते पुन्हा.

पाणी आठव्या दिवशी येतं,
ती मगानं मोजून विसळते.
वरच्या फळीवर बिबड्यांचा डबा,
झाकणाला पोचा आलेला.
चार वर्षं झाली, त्यात बिबड्या नाहीत.
चोपड्याच्या शिक्क्याची पाकिटं आहेत,
सतरा.
अठरावं आलं नाही.
मी काही खाल्लं नाही, मला तापही आला नाही,
त्या जूनमध्ये मी दोनशे पेपर तपासले.

पदराला हात पुसत, वर न बघता, ती म्हणते,
"तो डबा मी रोज पुसस, ताई.
जठे ऱ्हास, तठेच ठेवस."

आज एक तारीख.
तिच्या पैशांत मी शंभराची एक नोट जास्त घालते.
मग काढून घेते.
ती दोन्ही वेळा बघते.

"सकाय उशिरा येसू," चप्पल शोधत म्हणते,
"नातले डोस शे."