कूलर बंद

बोरकुटे बाईंची स्कूल व्हॅन सुटीत आमच्याकडे आली.
वाडी नाक्याच्या पुढे, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ओळीत शेवटचं शेड.
सरकत्या दाराखालचा पत्रा
अंगठ्यानं दाबला तर पापडासारखा आत गेला.
पावसाचा दोष नव्हता.
अकरा वर्षं पोरांच्या बाटल्या सांडत होत्या तिथं,
रबरी मॅटखाली, कुणाच्या नजरेला न येता.

निनावे मिस्त्री कापत गेले.
मला वाटलं, एवढं पुरे. ते आणखी चार बोटं कापत गेले,
कटरचा आवाज बदलेपर्यंत.
"सडक्याले टाका मारशील, तं टाकाच सडन."

मग नवा तुकडा. सीओटूचा टाका,
एक इथं, एक पार तिकडं,
मध्ये थांबायचं, पत्रा तापून वाकडा होऊ नये म्हणून.
मग ग्राइंडर, मग फ्लॅप डिस्क,
आणि टाका कुठं होता ते शोधावं लागावं असा
उघडा पत्रा.
रंग लावायची काय गरज, असं मनात आलं माझ्या.
मी तळहात ठेवून पाहिला.
ऊबदार होता, मांजरीच्या पोटासारखा.

"थिनरनं पूस, प्रायमर मार, मंग जेव,"
एवढं सांगून मिस्त्री कॉटन मार्केटला गेले.
मी आधी जेवलो.
शेहेचाळीस डिग्री होतं. कूलर व्हॅनकडं वळवला,
त्याच्या वाऱ्यात, व्हॅनच्या सावलीत, आडवा झालो.
वाळ्याचा ओला वास. पंप टपटपतोय.
डोळा उघडला तेव्हा रस्त्यावरचे दिवे लागले होते.

पत्र्यावर माझा हात उमटला होता.
पाची बोटं, अंगठ्याचं पेर, वेळूच्या कांबीनं कापल्याची लहानपणची खूणसुद्धा,
सगळं विटकरी रंगात.
आजूबाजूला बारीक पिवळट धूळ,
पण हात गडद.

मिस्त्री ओरडले असते तर बरं झालं असतं.
ते उकिडवे बसले, चष्मा कपाळावर सरकवून
बराच वेळ बघत राहिले, कुणाची पत्रिका बघावी तसे.
"तुयाच हाय ना हा?"
मग उठून कूलरचं बटण दाबलं.
"नागपूरचं ऊन लोखंडाले मानवते.
कूलर नाही मानवत.
पत्रा उघडा हाय तवर आपण उकडायचं."

तर उकडलो.
रात्री नऊला पुन्हा डिस्क फिरवली, माझीच बोटं एकेक करून घासली.
करंगळी सगळ्यात शेवटी गेली.
हातमोजे घालून, एक फडकं थिनरचं, एक कोरडं,
दर पुसण्याला नवी घडी.
एपॉक्सीचे दोन डबे मिसळून
जुन्या रंगावरही चार बोटं चढेल असा हात मारला.
जोडावर सीलर. लांबी त्याच्यानंतर, आधी कधीच नाही,
लांबी पाणी पिते आणि कुणाला सांगत नाही.

राहिली आतली बाजू.
टाका बाहेर लागतो, रंग आतला जळतो,
डबीसारख्या बंद पोकळीत, जिथं हात जात नाही.
मिस्त्री पाठीवर झोपून खालच्या भोकातून
मेणाची लांब नळी सारत होते.
पेंटर याकूबभाई हसले, "अंदर कौन देखता है, निनावे?"
मिस्त्रींनी टॉर्च मागितला.
"भोकं चार हायत," मला म्हणाले, "मेणानं एकबी बुजलं नाही पायजे. मोज."
मी मोजली. तीन सापडली. चौथं काडीनं मोकळं केलं.

बाईंनी मेणाच्या चारशे रुपयांवरून वाद घातला.
"दिसतच नाही तर लावलं कशाला?"
शेवटी अडीचशे दिले.

ऑगस्टात रविनगरच्या सिग्नलला व्हॅन माझ्या बाजूला थांबली.
दार अर्धवट उघडं, दप्तरांचा डोंगर,
आणि एक बोबडी पोरगी
उरलेलं पाणी मन लावून दाराच्या पट्टीत ओततेय.
मी सायकलवरून वाकून खाली पाहिलं.
एक.
दोन.
तिसरं नुसतं ओलं.
सिग्नल सुटायच्या आत चौथ्यातून
डांबरावर थेंब पडला.