सात नंबरचं पाणी

बाटलीत ते स्वच्छच दिसतं.
सात नंबरच्या तोंडाशी, जिथे डोंगर अजून गळतोय,
मंगळवारी भरून घेतलं: निवळशंख, थंडगार,
प्यावंसं वाटेल इतकं खोटं.
रंग पुढे चढतो, हवा लागली की.
खाली टॅनर्स रनच्या दगडांवर,
पुलाच्या खांबांवर कंबरेएवढा,
आणि डेलमारच्या कुत्रीच्या चारही पायांत
गंजाचे मोजे.

गाडीच्या मागच्या फळीवर लॅपटॉप उघडून
मी रकाने भरते.
सामू पाच पूर्णांक आठ.
लोह लिटरमागे बहात्तर मिलिग्रॅम, मँगनीज तीन.
प्रवाह मिनिटाला नऊशे गॅलन,
मार्चमध्ये बर्फ वितळलं की दुप्पट.
मॉडेलला एवढं पुरतं.
डोंगर कोणी पोखरला, ते विचारत नाही.
तापमान विचारतं.

मग मी चुना टाकते. पडद्यावरच.
थोडा, अजून थोडा.
रेघ चढते, मध्येच अडते,
पाठीवर पोतं घेऊन जिन्यात थांबल्यासारखी,
मग एकदम वर.
साडेआठाला लोह खाली बसलेलं असतं.
मँगनीज ऐकत नाही, त्याला दहाच्या आसपास न्यावं लागतं,
अर्जविनंत्या करत.
उत्तर: दिवसाला बाराशे किलो.

थिओ म्हणाला, आधी हवा देऊन बघ.
एक चौकोन असतो, त्यावर खूण करायची.
पाण्यात कोंडलेला वायू उडून जातो
आणि जो चुना त्याच्याशीच भांडण्यात संपत होता
तो वाचतो.
खूण केली.
सातशे.

सातशे!
एवढंच हवं होतं तर पाण्याला:
कोणीतरी आधी श्वास सोडू द्यायला.

स्टॅशमामा एकतीस वर्षं सात नंबरमध्ये होता.
शेवटी खिडकीपाशी खुर्ची, नाकात नळी,
आणि ओठ शीळ घालायला दुमडावेत तसे.
आत घेता येतं गं, म्हणायचा,
बाहेर काढायलाच वेळ लागतो.
मी तेव्हा नववीत. मला वाटायचं
तो बोलण्याबद्दल सांगतोय.

पुढचा रकाना: किती वर्षं?
मी लिहिलं, कायम.
चौकोन लाल झाला. संख्या लिहा.
हॅरिसबर्गचे लोक पंचाहत्तर लिहितात,
व्याजाचा हिशेब तिथपर्यंत बरा बसतो.
मीही पंचाहत्तर लिहिलं.
कंपनी दिवाळं काढून, गावाला चुना लावून गेली,
आता आम्ही पाण्याला लावतोय,
पोत्यांनी, पावती घेऊन.

गाळाचं काय, तेही मॉडेल सांगतं:
किती घनमीटर, तळं कधी भरेल.
भरलं की पंप लावून, भोक पाडून
पुन्हा खाणीतच सोडायचा.
जिथलं तिथे.
याला कागदावर विल्हेवाट म्हणतात.

डेलमार काठी टेकत आला, पडद्याकडे बघून म्हणाला,
मासे कुठल्या रकान्यात?
नाहीत म्हटलं.
तो वाट बघत उभा राहिला,
जणू मी अजून नीट शोधलं नव्हतं.

घरी सिंकपाशी, उगाच,
बाटलीत चिमूटभर चुना टाकून हलवली.
आधी शेवाळी हिरवं झालं पाणी,
झाकण काढून ठेवलं तशी
हळूहळू तांबूस झालं, मग गढूळ भगवं,
आणि रात्रीची भांडी होईपर्यंत
तळाशी थर बसला.
पट्टी लावून मोजला.
मॉडेलने सांगितल्यापेक्षा
दोन मिलिमीटर जास्त.

बाटली धुतली नाही.
थिओला उद्या दाखवायचीय.
वरचं पाणी मात्र आता खरंच स्वच्छ आहे,
खिडकीतला दिवा त्यातून
आरपार दिसतोय.