कान

माझगावच्या गोदामात खोका फोडला तेव्हा
पेंढ्यातून आधी हाताला लागला कान.
एकटाच. तळहाताएवढा.
डोकं खाली, आडवं, मिटल्या डोळ्यांचं,
हरारेहून बेइरा, बेइराहून न्हावाशेवा
असं झोपून आलेलं.

झरीनबाईंनी विम्याचे कागद काढले.
मी कान रुमालात बांधला.

शिल्पकार गुरुवारी उतरला. चेंजेराई.
त्याच्या भाषेत याचा अर्थ 'जपून',
असं सांगून त्यानं खोक्यावरचा लाल शिक्का वाचला
आणि स्वतःच हसला.
छिन्न्या विमानतळावर अडकलेल्या,
म्हणून त्याला, डोक्याला आणि कानाला टेम्पोत घालून
मी कांदिवलीला नेलं, वडारपाड्यात,
माझ्या बापाकडे.

बाप दारात बसून पंप ओढत होता.
चाळीस वर्षं त्यानं या शहराच्या
फुटपाथांच्या कडा घडवल्या.
टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, म्हणतात.
दगडाला येत असेल.
घाव घालणाऱ्याच्या छातीत
धूळ येते.

दोघांत भाषा एकही नव्हती.
बापानं त्या डोक्याला नखानं टिचकी मारली, कान लावला.
"फत्तर न्हाई ह्यो. फत्तर ठणकतो.
ह्यो हुंकार देतोय."
मी इंग्रजीत सांगितलं, पण हुंकार काही मला जमला नाही.
चेंजेराईनं तरी मान हलवली.

मग त्यानं हातांनी दाखवलं:
खाणीतल्या दगडाला तांबूस साल असते,
ती केसांच्या जागी राहू द्यायची.
चेहरा पाण्यात घासायचा, दिवसचे दिवस,
जाळावर तापवायचा
आणि ऊन असतानाच मेण.
मेण पिऊन दगड काळा होतो.
"आपण देवाला तेल घालतो, तसं," बाप म्हणाला.

मी चिकटवायच्या दोन ट्यूबा पुढे केल्या.
बापानं उलटसुलट पाहून परत दिल्या.
"तुटल्यालं तुटल्यागत दिसू दे."
आणि टाकी घेऊन, न विचारता,
कान उडाला तिथं घाव घालायला लागला.
बारीक, उभे, कडेच्या दगडावर घालतात तसे.

चेंजेराईनं त्याचं मनगट धरलं.
मला वाटलं, आता भांडण.
बाप खोकला, खूप वेळ खोकला,
मग त्यानं टाकी त्याच्या हातात दिली
आणि हातोडाही.

उरलेले घाव चेंजेराईचे. तिरके.
उभे कुठं संपतात ते डोळ्यांना दिसत नाही,
बोटाला कळतं.

फोर्टात प्रदर्शन लागलं.
पाटीवर एकच नाव.
मी झरीनबाईंकडे विषय काढला,
त्या म्हणाल्या, दोन नावं टाकली की किंमत अडते.
बाप आला होता, इस्त्रीच्या सदऱ्यात.
जिना चढलाच नाही.
बाहेर वाकून फुटपाथची कड चाचपत राहिला.
"ही आपली न्हाई," म्हणाला. "मशीनची हाय."

कान चेंजेराईनं नेला नाही.
तो आमच्याकडे पाट्याशेजारी असतो.
आई त्यानं लसूण ठेचते.
वजन बरं आहे, म्हणते.