एक म्हणजे किती

प्रकाशाचा वेग एक धरला
तेव्हा फळ्यावर केवढी जागा मोकळी झाली!
प्लांकचा स्थिरांकही एक.
मीटर, सेकंद, किलोग्रॅम
लग्नघरातल्या लांबच्या पाहुण्यांसारखे
न सांगता उठून गेले.
लांबी आणि वेळ एका ताटात जेवू लागल्या,
वस्तुमान म्हणजे फक्त उलटी टांगलेली लांबी.
बाहेर लेन्यारोच्या शेतांवर धुकं,
त्यात मक्याची खुंटं, तीही मोजता न येणारी.

मग वर्कशॉपमधून तार्चिझिओ आला,
कानामागे पेन्सिल, काखेत तांब्याची नळी.
"दोत्तोरेस्सा, लांबी किती?"
वस्तुमानाच्या व्यस्त, मी म्हटलं.
त्याने नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"बरं. पण करवत कुठे लावू?"

घालवलेल्यांना परत बोलवावं लागलं.
एकेकाचा रुसवा काढत, हाताला धरून
समीकरणात पुन्हा जागेवर बसवलं,
आणि त्या गडबडीत दोन पाय निसटले.
सव्वासहा पटीचा फरक.
पाच सेंटिमीटर हवे होते, मी लिहिले आठ मिलिमीटर.
तार्चिझिओने कापले आठ मिलिमीटर,
शतांशाचाही फरक नाही.
माझी चूक इतक्या चोख
आजवर कुणी कापली नव्हती.
"बुटकी झाली," तो म्हणाला.
पायच नव्हते तिला.

माझे वडील किओज्जाचे, शिंपले काढणारे.
पेलेस्त्रिना किती लांब, विचारलं की म्हणत, एक सिगारेट.
वारा उलटा असला तर? दोन.
अंतर वेळेत मोजायला त्यांना कुठल्या विद्यापीठाने शिकवलं?
पण जाळ्याची भोकं मात्र
रात्री दिव्याखाली पितळी पट्टीने तपासत,
कारण धक्क्यावरचा इन्स्पेक्टर
सिगारेटी मोजत नसे.

शोधनिबंधात अजूनही सगळं एकच धरते मी.
तसं केलं की विचार पळतो, अडखळत नाही.
फक्त समासात, पुसट पेन्सिलने,
तार्चिझिओपुरता एक आकडा लिहून ठेवते,
दोनदा पाय मोजून.

काल नवा विद्यार्थी आला, फेर्मो नावाचा,
विचारत होता, दोन्हींतली खरी एककं कुठली?
मी म्हटलं, आधी भांडारघराची किल्ली घेऊन ये.
खाली वर्कशॉपमध्ये, खिळ्यावर,
तांब्याच्या एका कड्यात अडकवलेली आहे.
कडं आठ मिलिमीटर रुंद.