पान सात-आठ

पुस्तक आलं पारोळ्याच्या आठवडे बाजारातून,
किलोच्या भावानं घेतलेल्या रद्दीत,
हर्षालीनं लसणाच्या पिशवीतून वेगळं काढलं.
वर हत्ती. कोपऱ्यावर आधीच कुणाचे तरी दात.
आमच्या पर्णवीनं त्या खुणांवर आपले दोन ठेवून पाहिले,
बसले.
असं तिचं वाचन सुरू झालं.

दोन महिने ते खाण्याचंच होतं.
मग टाकण्याचं: खाटेवरून खाली, धप्,
आम्ही उचलून द्यायचं,
पुन्हा धप्.
एकदा कळण्याच्या भाकरीचा तुकडा
तिनं हत्तीच्या तोंडाला लावला.
तो तिथंच वाळला. अजून आहे.

मी वायरमन. सबस्टेशनमागच्या क्वार्टरात राहतो.
आयटीआयनंतर वाचले ते मीटरचे आकडे
आणि धोक्याच्या पाट्या.
मोठ्यानं वाचायचं म्हटलं की जीभ अडते,
सहावीच्या वर्गात उभं केल्यासारखी.
पण ही मांडीवर बसली
की पुस्तकातली मराठी आपोआप घरची होते.
'हत्ती नदीकाठी गेला', असं छापलंय.
मी म्हणतो, हत्ती नदीवर गया वं माय.
नदी निळी.
तिनं पाहिलीय ती आमची बोरी, चैत्रातली, नुसती वाळू,
म्हणून निळ्यावर बोट ठेवून विचारते: हाई काय?
पाणी.
हाई काय?
पाणीच.
तिला पटत नाही.

चौथ्या पानावर तारेवर चिमण्या.
इथं मात्र मी जरा जास्त वेळ घेतो.
चित्रकारानं इन्सुलेटर काढलेलेच नाहीत,
तारा थेट खांबाला बांधल्यात,
अशानं अख्खा फीडर ट्रिप होईल, बेटा.
ती गंभीरपणे ऐकते. मग म्हणते: आखो.
आखो म्हणजे आणखी.
तिचा सगळ्यात मोठा शब्द.

सहानंतर थेट नऊ.
मधलं पान कुणी फाडलंय,
शिवणीपाशी दातेरी काठ तेवढा उरलाय.
सहावर हत्ती पाण्यात उभा.
नऊवर घरी, आईच्या सोंडेखाली झोपलेला.
मधलं मी रचायचो, सवड मिळेल तसं.
एकदा मगर आणली. एकदा उसाचा ट्रॅक्टर.
एकदा हत्तीला हिलाल आप्पाच्या कपाशीत सोडलं,
आप्पाची शिवीगाळही केली, हळू आवाजात.
ती ऐकून घ्यायची
आणि दातेरी काठावर चापट मारायची: नाई.
हे नाही. इथं दुसरंच काहीतरी होतं.
काय होतं गं, हर्षालीला विचारलं.
तुमची गोष्ट, तुम्हालाच माहीत.
पर्णवीला विचारलं.
तिच्याजवळ तेव्हा शब्द होते नऊ,
त्यांतले दोन कुत्र्यासाठी.

परवा दुपारी लवकर घरी आलो.
पुढच्या दारात चप्पल काढताना ऐकलं,
ती वाचत होती.
मागच्या दारी फतकल मारून, पाठ माझ्याकडे,
पुस्तक उलटं, हत्तीचे पाय वर,
समोर ऐकायला आप्पाची शेळी.
पान उलटायची, अर्धं चुरगळायची,
कुठल्याच बोलीत नसलेलं काहीतरी सुरात म्हणायची,
आणि संपलं की मान हलवायची. माझीच.
सहावर आली.
काठावरून बोट फिरवलं.
थांबली.
मग रिकामा हात कानाला लावून,
एकदम जाड आवाजात:
हालो. हां. उनू, उनू.

दहांतल्या सात रात्री तिथंच वाजतो माझा फोन.
साडेनऊला गावभर पंखे लागतात,
कुठंतरी फ्यूज उडतो,
मी तिला आणि पुस्तकाला हर्षालीच्या मांडीवर ठेवून
बॅटरी शोधत निघतो.
हे वाक्य मी कधी वाचून दाखवलं,
मला माहीतच नव्हतं.

एक चप्पल पायात, एक हातात, तसाच उभा राहिलो.
तिनं फोन ठेवला, शेळीच्या पाठीवर, नीट,
आणि दोन्ही हातांनी
पुढचं पान उलटलं.
हत्ती घरी होता.